सायकलवाल्या साहेबाचा ड्रायव्हर

माझ्या डाव्या हाताला आजवर एकोणीस साहेब बसले. कोणी गाडी सुरू होताच घोरायला लागायचे, कोणी वाटभर घरची गाऱ्हाणी सांगायचे, एक जण घाट लागला की डोळे मिटून हात जोडायचे. माझ्या ड्रायव्हिंगवर त्यांचा किती भरवसा होता ते यावरून ओळखा. ह्या सगळ्यांची नावं मला पाठ आहेत, पण चेहरे एकमेकांत मिसळून गेलेत. ज्यांचा चेहरा अजून स्वच्छ आठवतो, ते साहेब माझ्या शेजारी जेमतेम पाच महिने बसले. त्यानंतर ते माझ्या गाडीत कधी चढलेच नाहीत. मी ड्रायव्हर, आणि माझे साहेब सायकलवर! असा विनोद सरकारी नोकरीतच होऊ शकतो आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरची ही गोष्ट. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आमचा जिल्हा अकोला. तालुक्याच्या गावी आमचं बांधबंदिस्तीचं ऑफिस होतं. दुष्काळात गावच्या गावांनी पोटासाठी टोपल्यांनी माती वाहिली आणि शेतांत बांध घातले. ते बांध राखायचे, नवे आखायचे, पावसाचं पाणी माती घेऊन पळणार नाही हे पाहायचं, एवढंच ह्या ऑफिसचं काम. त्यासाठी एक साहेब, चार-सहा बाबू, आणि एक जीप. जीपसोबत मी.

मी मॅट्रिक झालेला, पण रोजंदारीवरचा. गाडी आहे तोवर ड्रायव्हर आहे, असं बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या मुख्य कारकुनांनी, पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तरी मी हवेत होतो. माझे वडील सालदार. मालक दमणीत, बैलांच्या छोट्या गाडीत, बसून बाजाराला जायचा आणि वडील दमणीच्या मागं पायी चालायचे. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होतो. चालणं त्यानंतर थांबलं, पण एखाद्या गाडीवर बसायची पाळी काही वडिलांवर आली नाही. मी पहिल्यांदा जीप आमच्या वस्तीत नेली तेव्हा आईनं बोनेटवर हात फिरवला, गाभण गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. वडील लांब उभे राहून बघत होते. त्या स्टेअरिंगची किंमत मला किती होती, हे कळायला एवढं पुरे.

साहेब उंच, हडकुळे, मान कायम पुढं झुकलेली. जमिनीवर काहीतरी पडलंय आणि ते शोधतायत असं वाटायचं. अमरावतीकडच्या शेतकरी घरातले, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच. बदली होऊन आलेले साहेबलोक चार दिवस पुस्तकासारखं बोलून दाखवतात, तसं ह्यांनी केलं नाही. वावरात शिरताना चपला कडेच्या धुऱ्यावर काढायचे. लोकांना वाटायचं, माणूस मोठा भाविक दिसतो. भाविक-बिविक काही नाही. माती पायाला किती चिकटते ते त्यांना पाहायचं असायचं.

त्यांच्याजवळ रुंद तोंडाची औषधाची एक बाटली असायची. कुठल्याही वावरात गेले की मूठभर माती आणि पाणी त्यात घालून खळखळ हलवायची, बाटली धुऱ्यावर ठेवायची आणि आपण समोर उकिडवं बसायचं. माती तळाला बसून पाणी निवळेपर्यंत साहेब एक शब्द बोलायचे नाहीत. शेतकरी भोवती बसलेले, बिड्या पेटलेल्या, आणि मधोमध ती बाटली. एकदा इंझोरीच्या एका म्हाताऱ्यानं बराच वेळ धीर धरला आणि शेवटी म्हणाला की साहेब, माती तर बसली, आता तुमीबी नीट बसा अन् च्या घ्या. साहेब हसले, पण उठले ते पाणी आरपार दिसायला लागल्यावरच.

अशा माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली तर ती काढायची कोणी?

एका सकाळी ते जुनी, दांडीची सायकल घेऊन ऑफिसात आले. पायजम्याला ट्यूबची रबरं बांधलेली, कॅरिअरला बाटली आणि फावडं. मी गाडी पुसून उभा. मला म्हणाले, "आजपासून मी हिच्यावर जातो." मला वाटलं, डॉक्टरनं सांगितलं असेल. मग वाटलं, आठ दिवसांची हौस आहे. त्यांच्या घरच्या बाई शाळेत शिकवायच्या. त्यांनाही तेच वाटलं होतं, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. साहेब सकाळी सातला निघायचे आणि मी गाडी पुसत बसायचो. त्या गाडीइतकी स्वच्छ गाडी अख्ख्या जिल्ह्यात नव्हती.

काळ्या मातीतून पावसाळ्यात सायकल चालवणं म्हणजे काय ते ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक. चार फेरे फिरले की चाक आणि मडगार्डच्या मधे चिखल कोंबला जातो आणि सायकल खुंटीला बांधल्यासारखी उभी राहते. साहेबांनी काठीनं चिखल काढून पाहिला, मग मडगार्डच काढून टाकले. मग पाठीवर चिखलाचा पट्टा उठायला लागला, डोक्यापासून कंबरेपर्यंत. शेतांमधल्या पांदणीत तर सायकल खांद्यावर घ्यायचे. आमच्या चपराश्यानं ऑफिसभर केलं की आज सायकल साहेबावर बसून आली. साहेबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, बरोबर आहे, काल मी बसलो, आज तिची पाळी.

लोकांनी तऱ्हेतऱ्हेचे तर्क केले. कंजूष आहे म्हणाले, पण पेट्रोल सरकारचं, त्यात कंजुषी कसली? नवस आहे म्हणाले. पुढारी व्हायचंय म्हणाले. मधे पेट्रोलचे भाव चढले आणि वरून कागद आला की गाड्या कमी वापरा. अकोल्याच्या मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी आमच्या साहेबांना उभं करून शाबासकी दिली, की कागद निघायच्या आधीपासून हा माणूस तो पाळतोय. साहेब उभ्या-उभ्याच म्हणाले की कागदाचा ह्याच्याशी काही संबंध नाही, उद्या तुम्ही तो मागं घेतला तर मी काय गाडीत बसायचं का? बडेबाबू मीटिंगला होते, त्यांनी येऊन हे सांगितलं आणि कपाळाला हात लावला. शाबासकी मिळत असताना ती परत करणारा माणूस त्यांनी नोकरीत प्रथमच पाहिला होता.

त्यांचं म्हणणं साधं होतं, आणि विचारलं तरच सांगायचे. जमीन वाचवायचा पगार घेतो, मग जमिनीवरून धूर सोडत, तिला चिरडत कसं जायचं? पेट्रोल जमिनीच्या पोटातून काढायचं, जाळायचं, आणि जमिनीचं भलं करायला निघालो म्हणायचं, हे त्यांना पटत नव्हतं. शेलूबाजारला हायवेच्या कडेला चहाच्या हॉटेलावर एक लिंबाचं झाड होतं. दिवसभर तिथं ट्रक आणि जीपा फुरफुरत उभ्या. साहेबांनी एकदा पांढऱ्या रुमालानं त्या झाडाचं एक पान पुसलं आणि काळा झालेला रुमाल हॉटेलवाल्याला दाखवून विचारलं की हे झाड श्वास कुठून घेत असेल. हॉटेलवाला म्हणाला, "साहेब, माह्या भज्याइलेबी थेच लागते. कोनी बोमलत नाई." साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांनी भजी खाल्ली नाहीत एवढंच.

दुसऱ्याला मात्र त्यांनी कधी सायकल घे म्हटलं नाही. स्वतःपुरता एक कायदा केला होता. एस.टी.त बसायचे, रेल्वेत बसायचे. जी गाडी सगळ्यांसाठी जातेच आहे तिच्यात बसायला हरकत नाही. जी माझ्या एकट्यासाठी जाते तिच्यात मी बसणार नाही. अकोल्याला जायचं तर सायकलनं जऊळक्याच्या स्टेशनवर जायचे, सायकल स्टेशनमास्तरच्या खोलीमागं उभी करायचे आणि पॅसेंजर पकडायचे. परत येताना उशीर झाला तर स्टेशनच्या बाकावर झोपायचे, पण 'गाडी पाठव' असा निरोप त्यांनी मला कधी धाडला नाही.

हे सगळं डोक्यात कुठून आलं, ते मला ठाऊक होतं. ऑफिसात दुसरं कोणी ते बोलायचं नाही, कारण त्या पापात आम्ही सगळेच होतो.

साहेब आल्यावर पाच महिन्यांनी, श्रावणात, अकोल्याचे मोठे साहेब बांध बघायला येणार होते. उकंडा नावाच्या एका शेतकऱ्याच्या वावरात दुष्काळातला सगळ्यात चांगला बांध होता. पण तो होता वावराच्या पार शेवटी, नाल्याच्या अंगाला. मधे आणखी तीन बांध. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, पांदण चिखलानं भरलेली. मोठ्या साहेबांना एवढं चालवायचं कसं? बडेबाबूंनी तोड काढली. मधले तीनही बांध जीपच्या रुंदीइतके फोडायचे, गाडी सरळ शेवटच्या बांधाशी न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी मजूर लावून बांध पुन्हा भरून घ्यायचे. साहेबांनी थोडी कुरकुर केली, पण नवे होते, हो म्हणाले. आज सांगताना हसू येतं आणि लाजही वाटते: बांध दाखवायला आम्ही बांध फोडले, आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मी गाडी नेली. मोठे साहेब माझ्या शेजारी, आमचे साहेब मागं हार सांभाळत. मोठ्या साहेबांनी गाडीतूनच बांध बघितला, छान म्हणाले, नारळ फुटला, आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी मजूर दुसऱ्या कामावर गेले. तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळला.

चौथ्या दिवशी मी साहेबांना घेऊन तिथं गेलो. गाडी ह्या वेळी लांब उभी केली. जिथून माझी जीप गेली होती, तिथून वावराच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत एक नाली पडली होती. बैल उभा मावेल एवढी. खाली पांढरा मुरूम उघडा पडलेला, आणि कपाशीची पऱ्हाटी मुळांसकट नाल्यात. वरच्या टोकाला, जिथं पाणी अजून शिरलं नव्हतं, तिथं माझ्या टायरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली होती. दोन्ही चाकोऱ्या. आमच्या वस्तीत मी ज्या चाकांवरून ऐटीत गेलो होतो, तीच चाकं.

उकंडा धुऱ्यावर बसला होता. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पानी इकडून कदीच नव्हतं जात, साहेब. तुमची गाडी गेली, मंग त्यालेबी वाट समजली."

साहेबांनी चपला हातात घेतल्या आणि चालत निघाले. मी गाडी घेऊन मागं गेलो, दार उघडलं, दोनदा 'साहेब' म्हटलं. ते तालुक्यापर्यंत चालत आले. पुढचे पंधरा दिवस ते स्वतः फावडं घेऊन उकंड्याच्या वावरात मजुरांबरोबर बांध भरत होते. वाहून गेलेली माती काही परत आली नाही. नाली पाहिली त्याच आठवड्यात त्यांनी ती जुनी सायकल घेतली.

म्हणजे त्यांचं दुःख खरं होतं, हे मी कबूल करतो. पण माझ्या पोटाचं काय?

बडेबाबूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, वर्षाच्या शेवटी कोणत्या ऑफिसची गाडी किती फिरली ते अकोल्यात बघतात. जी फिरली नाही ती काढून घेतात. गाडी गेली की तुझं कामही गेलं, मी काही करू शकणार नाही. मग उपायही त्यांनीच सांगितला. साहेब सायकलवर गेले की तू गाडी काढ आणि फिरवून आण. कुठंही. काटा फिरला म्हणजे झालं. महिन्याच्या कागदावर साहेबांची सही लागते, ती मी घेतो.

तेव्हापासून साहेब सातला सायकलवर निघायचे आणि मी आठला रिकामी जीप घेऊन निघायचो. ते ज्या दिशेला गेले असतील तिच्या उलट्या दिशेला. शेलूबाजारपर्यंत जायचो, वळायचो, परत यायचो. कधी कंटाळा आला तर दोनदा. गाडीत कोणी नाही, सामान नाही, काम नाही. सुरुवातीला मजा वाटली. मग हॉटेलवाले विचारायला लागले की रोज रिकामा कुठं जातो, तेव्हा मी खोटं बोलायला लागलो. ड्रायव्हरला कुठं जायचंय ते ठाऊक नसलं की गाडी जड वाटते. पण घरी आई-वडील, बायको, दोन लहान पोरी. मी गाडी फिरवत राहिलो. बडेबाबू दर महिन्याला दहा-वीस कागदांच्या चळतीत तो एक कागद घालायचे आणि साहेब न वाचता सही करायचे. दिवसभर जमिनीचा कण न् कण बघणारा हा माणूस ऑफिसातल्या कागदांकडे ढुंकूनही बघायचा नाही. त्यांच्यात खोट काढायची तर ही एक होती.

नऊ महिने असे गेले. मग उन्हाळ्यात, एका दुपारी, मी शेलूबाजारहून परत येत होतो. रस्ता मोकळा होता, मी गाणं म्हणत होतो आणि गाडीही जोरात सोडली होती. बाभळीच्या झाडाखाली कोणीतरी सायकल उलटी करून बसलेलं दिसलं. जवळ येईपर्यंत ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा ब्रेक दाबण्याशिवाय काही करता येण्यासारखं नव्हतं. साहेबांनी त्या दिवशी वाट बदलली होती आणि बाभळीच्या काट्यानं पुढचं चाक बसलं होतं.

ते उठून गाडीजवळ आले. आधी मागं डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठी चालला?"

"कुठीच नाई, साहेब."

मग मी सगळं सांगून टाकलं. बडेबाबू, वर्षाचा हिशेब, गाडीचा काटा, सही. सांगताना माझी मान खाली होती. शेवटी त्यांनी विचारलं की म्हणजे मी जितकं सायकलवर गेलो तितकीच गाडी फिरली का. मी म्हणालो की तितकी नाही, थोडी जास्तच. तुम्ही बसायचे तेव्हा वावराशी तासन् तास उभी तरी असायची.

साहेब तिथंच मैलाच्या दगडावर बसले. चेहरा जसा झाला, तसा उकंड्याच्या वावरातही झाला नव्हता. मला त्यांची दया यायला हवी होती. पण मला आला राग. नऊ महिन्यांचा साठलेला. मी गाडीतून उतरलो आणि जे कधी साहेबाला बोलू नये ते बोललो.

"साहेब, ज्याच्यापाशी गाडी हाये, त्यालेच ते सोडता येते. माह्या बापानं अर्धी जिनगानी मालकाच्या दमणीमांगं पायी काढली. त्याले कोनी साधू नाई म्हनलं."

ऊन रणरणत होतं. एक ट्रक गेला, त्याचा धुरळा आम्हा दोघांवर बसला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बरोबर बोलला तू."

माझा राग एवढ्यानं उतरला. मी म्हणालो, साहेब, सायकल मागं टाकतो, गाडी तशीही तालुक्याला जाऊनच राहिलीय, तुमच्याच कायद्यानं तुम्हाला बसता येतं. त्यांनी थोडा विचार केला. खरंच केला, कारण ऊन तसं होतं आणि गाव तीन कोस. मग मान हलवली.

"नाई. हे सगळ्याइसाठी नाई चालली. मी बसलो नाई म्हणून चालली. म्हणजे माह्याचसाठी."

ते बसलेल्या चाकाची सायकल ढकलत निघाले. मी गाडी बंद करून बाभळीखाली थांबलो आणि ते दिसेनासे होईपर्यंत ती पुन्हा सुरू केली नाही.

संध्याकाळी ते ऑफिसात आले आणि नऊ महिन्यांचे कागद मागवून बडेबाबूंच्या टेबलाशी उभ्यानंच वाचले. बडेबाबूंना घाम फुटला. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, सही माझी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल घेऊन जऊळक्याला गेले, तिथून अकोल्याला. मी घरी बायकोला सांगितलं की आता काम गेलं. तिनं विचारलं, त्या सायकलवाल्याचं आपण काय वाईट केलं होतं?

पहिल्या खेपेला मोठ्या साहेबांनी त्यांना सांगितलं की एवढा घोळ घालण्यापेक्षा उद्यापासून गाडीत बसा, ड्रायव्हरही राहील आणि कागदही खरे होतील. साहेब म्हणाले, बसणार नाही. दुसऱ्या खेपेला दिवसभर बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. ते परत आले आणि चार दिवसांनी तिसऱ्यांदा गेले. त्या वेळी कागद झाला. जीप अकोल्याच्या ऑफिसला द्यायची आणि तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर, कायम नोकरीवर.

कायम! आमच्या अख्ख्या वस्तीत तो शब्द कोणाच्या नावापुढं लागला नव्हता. वडिलांनी तो कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला.

बदल्यात साहेबांनी काय दिलं ते मला फार वर्षांनी कळलं. बडेबाबू निवृत्त झाल्यावर अकोल्याला भेटले, तेव्हा त्यांनी सांगितलं. साहेबांनी लिहून दिलं होतं की नऊ महिने मी न वाचता सह्या केल्या, चूक माझी, ड्रायव्हरनं पोटासाठी केलं ते ऑफिसच्या सांगण्यावरून केलं. आणि हेही लिहिलं, की मला आज किंवा पुढंही सरकारी वाहन लागणार नाही. वरची जागा फिरतीची होती, वाहनाशिवाय ती मिळतच नव्हती. त्या एका ओळीनं त्यांची बढती कायमची मिटली. त्यांच्या हाताखालचे दोघे त्यांचे साहेब झाले. ते त्याच खुर्चीवरून, त्याच सायकलवरून निवृत्त झाले. बडेबाबू म्हणाले की एकदा त्यांनीच साहेबांना विचारलं, पस्तावता का? तर म्हणे, वावरं बघायला खालचीच जागा बरी. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. हे ऐकून मी अकोल्याच्या त्या हॉटेलात, चहाचा कप समोर ठेवून रडलो. सांगायला लाज कसली?

पण जाण्याच्या आदल्या दिवशी मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी निरोप घ्यायला गेलो. ऑफिसच्या मागं, पाण्याच्या टाकीशी, साहेब पंप घेऊन सायकलशी उभे होते. आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. बाभळीखालचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"साहेब, गाडी अकोल्याले चालली. पन पेट्रोल तिथीबी जळनच. मंग तुमच्या सायकलीनं झालं काय?"

"जळन," ते म्हणाले. "अन् तूच जाळशीन. मले मालूम हाये."

मग पंप तसाच हातात धरून ते माझ्याकडे पाहत राहिले. एरवी त्यांची नजर जमिनीवर असायची.

"मी बसनार नाई, हे माहं मी ठरवलं. जे होईन ते मी पाह्यन. पन नऊ महिने तुह्या घरच्याइची फिकीर मी केलीच नाई, अन् सायकलवर बसून मोठा झालो. उपास माहा हाये गड्या. उपाशी तुनं कायले राहाव?"

एवढं बोलून ते खाली बसले आणि पुढच्या चाकात हवा भरायला लागले.